हमीवर सुटलेल्याला पुन्हा आत कसं धाडावं

तुमच्या चाळीत कोणी प्रोबेशनवर सुटून आलंय का? नोकरीतल्या सहा महिन्यांच्या प्रोबेशनबद्दल बोलत नाही, तिथं साहेबांच्या विनोदाला वेळेवर हसलं की भागतं. हे कोर्टाचं. गुन्हा शाबीत झाला, तरी 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडलेला माणूस. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे तुमच्या हातात तेवढाच वेळ आहे, कामाला लागा.

थोडी चाळणी कायद्यानंच लावून ठेवलीय. त्या माणसाला किंवा त्याच्या जामीनदाराला कोर्टाच्या हद्दीत राहायला पक्की जागा नाहीतर नियमित कामधंदा असावा लागतो. पुलाखाली झोपणारा त्यामुळे या परीक्षेला बसतच नाही. तुमच्यापर्यंत पोचलाय तो खोलीवाला. तेव्हा सुरुवात खोलीपासूनच करू.

कोर्टानं परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली, तर ती किमान वर्षभराची. आपला भाडेकरार अकरा महिन्यांचा. हा हिशेब कोणी मुद्दाम जुळवलेला नाही, पण तुमच्या किती सोयीचा आहे बघा! बारावा महिना लागायच्या आत ‘गावाहून भाऊ राहायला येतोय’ एवढं म्हणायचं. भाऊ नसला तरी चालतं. राहण्याच्या जागेची अट कोर्ट घालू शकतं, ती पाळायला जागा कुठून आणायची हा त्याचा प्रश्न.

मग नोकरी. इथं कलम 12 आडवं येतं: दोषी ठरल्यामुळे लागणारी अपात्रता अशा माणसाला लागत नाही. बिचकू नका. चारित्र्य पडताळणीचा दाखला मागा आणि ‘कळवतो’ म्हणा. शिवाय 1985 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी ठेवा. दिल्लीच्या दूध योजनेतला एक रोखपाल, पाचशे रुपयांचा मामला. त्यानं पैसे भरले, गुन्हा कबूल केला, कोर्टानं प्रोबेशनवर सोडलं. खात्यानं बडतर्फ केलं. न्यायालय म्हणालं, बडतर्फी ही त्या कलमातली अपात्रता नव्हे. इथंच वाचन थांबवा. पुढं, ही शिक्षा अतोनात कठोर आहे असं म्हणून त्याला कामावर परत घ्यायला लावलंय. तेवढं पान फाडून टाकलेलं बरं.

नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवत असेल, तर तुम्हाला फार काही करावं लागणार नाही. अधिकाऱ्याला भेटायचं म्हणजे कामाचा दिवस, म्हणजे खाडा. दोन खाडे झाले की मुकादम दुसरा गडी बघतो. या अधिकाऱ्यानं गरज पडल्यास काम मिळवून द्यायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय खरं. आपल्याकडे तो महिला व बालविकास खात्याचा माणूस, मुलांची प्रकरणंही त्याच्याच टेबलावर. तुम्ही फक्त त्याला भेटून ‘साहेब, याच्यावर लक्ष ठेवा’ म्हणा. ‘याला काम बघा’ असं चुकूनही म्हणू नका.

संध्याकाळी खोलीही नाही नि कामही नाही, अशा माणसाला जुने दोस्त बरोबर हुडकून काढतात. नशा करायची नाही ही अटही कोर्ट घालू शकतं, आणि दोस्तांकडे क्वार्टर असते. तुम्ही त्याला हळदीकुंकवापासून सत्यनारायणापर्यंत कशालाच बोलावलेलं नसल्यानं त्याला दुसरीकडे जायचं कारणही उरत नाही.

एक सावधगिरी. पहिल्यांदा अट मोडली तर कोर्ट बंधपत्र कायम ठेवून नुसता दंडही करू शकतं, पन्नास रुपयांपर्यंत. एवढ्यावर सुटला तर निराश होऊ नका. मूळ गुन्ह्याची शिक्षा ठोठावायची वाट कोर्टाला मोकळीच असते.

खरी भीती आगंतुकांची. 1841 साली बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या, बूट शिवणाऱ्या माणसानं कोर्टात एका दारुड्याची हमी घेतली. तीन आठवड्यांनी दारुडा कोर्टात परत आला तो ओळखू येईना इतका शुद्धीवर, आणि दंड झाला एक सेंट. तेवढ्यावर न थांबता हा गृहस्थ पुढं शेकडो लोकांना जामीन राहिला, त्यांच्यासाठी कामं नि राहायच्या जागा शोधत हिंडला. असला कोणी तुमच्या गल्लीत दिसलाच, तर आधी त्याचा भाडेकरार कधी संपतो ते बघा.