रिकाम्या कुंडीची राखण

आमच्या कोथरूडच्या घराच्या गॅलरीत एक कुंडी आहे आणि ती वर्षातील निदान सात महिने रिकामी असते, असे घरातील सर्वांचे, शेजाऱ्यांचे आणि धुणेभांडी करणाऱ्या मावशींचे एकमुखी मत आहे. ती रिकामी नसून तिच्यात कळलावीचा कंद झोपलेला असतो, हे माझे मत अल्पमतात आहे.

तीन पावसाळ्यांपूर्वी हे प्रकरण सुरू झाले. टँकरच्या पाण्यावर उन्हाळ्यात गुलाब जगवण्याचा आणि सोसायटीच्या सभेत त्याबद्दल बोलणी खाण्याचा मला कंटाळा आला होता. सिंहगडाच्या वाटेवर झुडपांतून डोके वर काढणारी कळलावी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिला तिथे कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही, तरी पावसाळा आला की ती हजर असते. इतक्या स्वावलंबी वेलीचे माझ्या हातूनही काही वाकडे होणार नाही, असा मी हिशेब केला. डोंगरावरून उपटून आणणे मनाला पटेना, म्हणून रोपवाटिकेतून कंद विकत घेतला. हा कंद नांगरासारखा दुभंगलेला असतो (संस्कृतातील ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच पडले) आणि त्याला कोंब टोकाशीच फुटतो. टोक मोडले की कंद वाया, म्हणून मी तो तान्ह्या बाळासारखा मातीत आडवा निजवला.

पहिल्या वर्षी सारे यथासांग झाले. जूनमध्ये कोंब आला आणि बघता बघता वेल गजांवर चढली. कळलावीच्या पानाचे टोकच लांबत जाऊन गुंडाळी घेते आणि हाती लागेल ते धरून ठेवते. आमच्या वेलीच्या हाती पत्नीची वाळत घातलेली साडी लागली. ऑगस्टात फुले आली. सहा नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, रंग आधी हिरवट, मग पिवळा, मग शेंदरी आणि शेवटी लालभडक. आठ दिवस मी पाहुण्यांना चहाआधी गॅलरीत नेत असे. नोव्हेंबरात वेल पिवळी पडली, वाळली आणि नाहीशी झाली.

या काळात कंदाला कोरडी माती लागते. पाणी मिळाले तर तो कुजतो. वनस्पती जगवण्यासाठी काहीही करायचे नसते, ही गोष्ट मराठी घरात पटवून देणे किती अवघड आहे, हे मला तेव्हा कळले. मावशी मला न विचारता, केवळ दयेपोटी, रोज तांब्याभर पाणी घालत होत्या. आईने “एवढी चांगली माती वाया कशाला घालवतोस?” असे म्हणून तिच्यात धणे पेरले होते, हे मात्र मला कोथिंबीर आमटीत पडल्यावर समजले. कळलावी मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. तिच्यातील कोल्चिसीन या विषारी द्रव्यापासून गाऊटचे (सांधे सुजून ठणकण्याच्या विकाराचे) औषध होते आणि त्याची मात्रा चुकली तर माणूस दगावतो. ही माहिती मी दिली तेव्हा आमटी जेवून दोन तास झाले होते. कोणाला काही झाले नाही, परंतु “विषाच्या कुंडीत मला धणे पेरू दिलेस कसे?” असा जाब आईने मलाच विचारला. जूनमध्ये माती उकरली, तर कंदाच्या जागी काळपट लगदा होता.

हिच्या कंदाचा उपयोग प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी करत, म्हणून हिचे नाव कळलावी, असे जाणकार सांगतात. लोकांची समजूत मात्र अशी की, हिचे फूल घरात आणले की भांडणे लागतात. माझ्या अनुभवाप्रमाणे त्यासाठी फुलाची गरज नाही. रिकामी कुंडी पुरते.

दुसरा कंद आणला. त्याने तो पावसाळा चार पाने काढण्यात घालवला आणि तोही झोपी गेला. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनाला निघताना पत्नीने “आपली माती नेऊन मांडायची का?” असे शांतपणे विचारले. त्याच संध्याकाळी मी कुंडीत पाटी रोवली : ‘सुचना. कुंडी रिकामी नाही. पाणी घालू नये. धणे पेरू नयेत.’ शेजारचे निवृत्त गृहस्थ गेले वर्षभर ही कुंडी तुळशीसाठी मागत होते. त्यांनी दोन गॅलऱ्यांमधील गजांतून हात घालून ‘सुचना’मधील ‘सु’ लाल शाईने दीर्घ केला. कुंडीला मात्र त्यांनी हात लावला नाही, याची नोंद केली पाहिजे.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोंब दिसला, तेव्हा मी मावशींसकट सर्वांना बोलावून दाखवला. कोकणात गौरीला या फुलांचा मान असतो, हे आठवून आईने आमच्या गौरींसाठी फुले आधीच मागून ठेवली. वेल जोमाने वाढली, गजांतून उजेडाकडे वळली आणि पलीकडे जाऊन शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीवर स्थिरावली. आज तिला अकरा फुले आहेत आणि अकराही त्यांच्या गॅलरीत आहेत. काल सायंकाळी त्यांनी दोरीला एक पुठ्ठा अडकवला : ‘सूचना. फुले तोडू नयेत.’