दिसना झालास की रे!

दिवाळीत आमच्या बेळगावात गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात. आमच्या किल्ल्याचे बुरूज दरवर्षी एकच पोरगा रचायचा. गेल्या दिवाळीला तो आला नाही. पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेलाय, अभ्यास असेल, म्हणून आम्ही विषय सोडला. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे एकदम सगळं इंग्रजीत. वर्गात त्याला काहीच कळत नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. रात्रभर जागा, दिवसभर दार लावून.

शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी सुरू झाली तेव्हा त्याच्या घरी गेलो. उपदेश केला नाही. "दिसना झालास की रे! पुठ्ठ्याच्या ढाली कापायला कोण नाही, चल," एवढंच. आला. तीन संध्याकाळ एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी डिंक मागितला.

मंडळानं त्याला बरं केलं, असला दावा मी करणार नाही. पुढं डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. त्या अजून चालू आहेत. पण डॉक्टरकडे जायचं तो कबूल झाला ते ढाली कापताकापता. मरणाची भाषा कुणी केली तर मात्र ढालीबिली बाजूला. त्याला एकटं सोडायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतूनही बोलता येतं. बेळगावात हे शेवटचं महत्त्वाचं. कन्नड येणारी आमची पोरंसुद्धा रडतात ती मराठीतच.

आता थोडं कडू. बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाची 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी असते, तिला कोण आलं नाही, हे आम्ही वर्षभर लक्षात ठेवतो. गर्दीला पोरं हवीत, पोरांची खबर कुणाला नको. आणि पोरी? त्या कट्ट्यावर नसतातच, त्यामुळे त्या दिसेनाशा झाल्या तरी कळणार कुणाला? याचं उत्तर माझ्याकडेही नाही. हळदीकुंकवाला घरोघर फिरणाऱ्या बायकांनाच विचारायला हवं.

गणपतीच्या वर्गणीला आम्ही प्रत्येक उंबऱ्यावर जातोच. यंदा पावती फाडताना पोरांची चौकशीही करूया, दोघांनी तेवढंच काम अंगावर घ्यावं, असं मी मीटिंगमध्ये सुचवलं. "मंडळ हाय का दवाखाना?" मागून एकजण म्हणाला, सगळे हसले. दोन पोरांनी मात्र नावं दिली. पुढचा विषय डॉल्बीच्या ॲडव्हान्सचा होता, त्यावर पाऊण तास गेला.