राईतून रिकाम्या हाताने

आमच्या गावची देवराई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान, संगमेश्वर तालुक्यात आहे, जेमतेम दोन एकरांची. लहानपणी आजीबरोबर जायचो तेव्हा एकच नियम असायचा: आतलं काही बाहेर आणायचं नाही. पडलेला आंबा नाही, वाळकी फांदी नाही, फूलसुद्धा नाही. घरात चुलीला काटकी नसली तरी आजी तिथल्या लाकडांवरून रिकाम्या हाताने परतायची. "ती तिची वस्तू," एवढंच म्हणायची. ती म्हणजे वाघजाई.

तेव्हा मला आजीचं ते वागणं म्हणजे भीती वाटायची. आता वाटतं, माझ्या वाट्याला आलेलं अध्यात्म ते हेच. बाकी गावात झाड दिसलं की आपण घनफूट मोजतो. राईत पाय ठेवला की ते मोजणं थांबतं. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली वर कुठे जातात ते दिसतही नाही. पाचोळ्यात पाऊल रुततं, आणि त्याखाली मुरलेलं पाणी खालच्या पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, मे महिन्यातही धार देतं. ककणेराची, म्हणजे धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते, नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. आमच्याकडे झाडाला म्हातारं होऊ देणारी जागा वाघजाईचीच उरलीय.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या. त्यांचं मोठेपण मोठंच, पण राया तोवर टिकल्या त्या आजीसारख्या माणसांनी हात आवरला म्हणून.

आता गावकीत देवळाच्या जीर्णोद्धाराचं चाललंय. स्लॅब, टाइल्स, कळस, आणि खर्चासाठी राईतली "जुनी, पोकळ" झाडं विकायची. वर्गणी देणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण वाघजाई पिढ्यान्‌पिढ्या त्या झाडांच्याच सावलीत, उघड्यावर बसलीय. झाडं तोडून तिच्यावर छप्पर घालणं म्हणजे तिचं घर मोडून तिला खोलीत ठेवणं. बैठकीत मी हे बोललो. काही जण रागावले, दोन म्हातारे मात्र नुसते मान हलवत राहिले.

शिमग्याला पुन्हा बैठक आहे. मुंबईहून येणाऱ्यांना एकच विनंती: आधी राईत येऊन बसा. सकाळी सातच्या सुमाराला या, तेव्हा ककणेराचा नर ढोलीवर येतो.