पोर लांब, दाखला त्याहून लांब

मुख्याध्यापक महोदय, तुमच्या शाळेत बालगृहातलं पोर प्रवेशाला आलं तर गांगरून जाऊ नका. थोडं धोरण ठेवलंत तर ते वर्गात न येताच जून-जुलै सरतात. श्रावण लागला की "आता पुढच्या वर्षीच बघू" याला कुणाची हरकत नसते.

समजा, पोरगी सातपुड्यातल्या धडगावची आहे, वय 11. आईबाप ऊसतोडीला आले, स्टँडवर चुकामूक झाली. पोलिसांनी कायद्याप्रमाणे 24 तासांत बालकल्याण समितीपुढे नेली, समितीने कोल्हापूरकडच्या बालगृहात ठेवली. धाकटा भाऊ मुलांच्या बालगृहात, म्हणजे दुसऱ्याच गावात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी गावी गेली. पोरगी इथेच, सातपुड्यापासून 600 किलोमीटरहून लांब.

आता दाखला मागा. शाळा सोडल्याचा, मूळ प्रत, गोल शिक्क्यासकट. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं. जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, असं कलम 14 सांगतं. पण कायदा 2009 चा. इतकं जुनं कोण वाचतं? क्लार्कला विचारा. तो "वरून तसं काही आलेलं नाही" म्हणाला की विषय संपला.

बालगृहाच्या अधीक्षक मॅडम चिवट निघाल्या आणि त्यांनी दाखल्यासाठी धडगावकडे फोनावर फोन लावले, तरी धीर सोडू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल तुमच्या बाजूने आहे. तिथे जुन्या शाळेने नाव सोडावं लागतं, आणि ती कशाला सोडेल? पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं. त्यामुळे पोरगी तुमच्या व्हरांड्यात चप्पल काढून उभी असली, तरी तिकडच्या हजेरीवर ती रोज येते. रोज खिचडीही खाते. (तिकडच्या सरांना दोष देऊ नका. तुमचाही पट आहेच.)

अखेर गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोन आलाच, तर घ्या. पण कुठे बसवायची हे तुमच्या हातात. वयाप्रमाणे सहावीत बसवून मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणाने भरून काढावं, असं कलम 4 म्हणतं. तुम्ही तिसरीत बसवा. उंच दिसते म्हणून मागच्या बाकावर. घरी पावरी बोलते, मराठी अडखळते, तेव्हा "मंद" हा शेरा दोन अक्षरांत उरकतो; पावरी शिकायला बसलात तर आयुष्य जाईल. वर्गात तिचं नाव घ्यायची गरज नाही. "संस्थेची मुलं उभी राहा" म्हटलं की पुरतं. दिवाळीनंतर निबंध द्या, "मामाच्या गावाला". कोरी वही आली तर वर्गासमोर कारण विचारा.

साहेबांच्या वाढदिवसाला मात्र तिला पुढच्या रांगेत आणा. वह्यावाटप, फोटो, संध्याकाळी गावच्या ग्रुपवर. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून डोळ्यांवर बदामाचं चित्र चिकटवा. साहेबांच्या चेहऱ्यावर चुकूनही नको.

आणि ती घरी जाईल म्हणून हळहळू नका. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं 2015 चा तोच अधिनियम म्हणतो खरा. मूळ जिल्ह्यात पाठवण्याचा आदेश झाला की पोलिसांनी 15 दिवसांत पोचवावं, मुलीबरोबर महिला पोलीस असावी, हेही कलम 95 मध्ये आहे. पण गणपतीत बंदोबस्त असतो. मग नवरात्र. मग कुठली ना कुठली निवडणूक. बाप मध्ये एकदा येऊन गेला म्हणे, हातात रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन; त्यावर पोरीचं नावच नव्हतं, म्हणून परत पाठवला.

बंदोबस्त संपेल तेव्हा बहुधा फेब्रुवारी असेल. पोरीला तोवर मराठी येऊ लागलेलं असेल, बाकावर शेजारीण मिळालेली असेल, आणि परीक्षा तोंडावर. तेव्हाच गाडी येईल. मॅडम धावत येतील, दाखला द्या म्हणतील.

घाई करू नका. ती आता तुमच्या पटावर आहे.