शार्कवरच्या त्या व्हायरल मेसेजला उत्तर

उघड्या जबड्याचा फोटो आणि खाली चार वाक्यं, असा एक मेसेज सध्या फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : शार्क नरभक्षक आहे, दरवर्षी शेकडो माणसं मारतो, त्याला ढिगाने पिल्लं होतात, म्हणून कितीही पकडला तरी संपत नाही, तो मासे फस्त करून मच्छीमारांच्या पोटावर पाय देतो, आणि त्याला संरक्षण दिलं तर समुद्रात उतरायची सोय राहणार नाही. हे चारही मुद्दे एका वजनाचे नाहीत, त्यामुळे उत्तरंही एका मापाची नाहीत.

‘दरवर्षी शेकडो माणसं मारतो’

जगभरातल्या शार्कहल्ल्यांची नोंद फ्लोरिडातल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ठेवली जाते. माणसाने काही कुरापत न काढता झालेले हल्ले 2024 साली 47 होते, त्यांत 4 जण दगावले. त्याआधीचं 2023 हे वाईट वर्ष होतं : 69 हल्ले, 10 मृत्यू. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख या आकड्यांनी हलकं होत नाही, हे मला कळतं. पण ‘शेकडो’ हे धादांत खोटं आहे.

शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. जीवघेण्या हल्ल्यांत पुन्हापुन्हा नाव येतं ते मुख्यतः तिघांचं : ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल शार्क. तेही बरेचदा एकदा चावून निघून जातात. जगातला सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, हाही शार्कच. तो पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. आपण ज्यांना मुशी म्हणतो ते लहान मासेही शार्कच.

इथे शार्कच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक सांगायचंय. ‘नारळ डोक्यात पडून दरवर्षी 150 माणसं मरतात’ हा आकडा कृपा करून उत्तरादाखल पाठवू नका. त्याला कसलाही आधार नाही, आणि आपली बाजू खरी असताना त्याची गरजही नाही.

‘कितीही पकडला तरी संपत नाही’

चौघांतला हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. मासा म्हटला की लाखो अंडी डोळ्यांसमोर येतात. कॉडची मादी खरोखरच एका हंगामात लाखो अंडी घालते. शार्कचं तसं नाही. वाढीच्या बाबतीत तो इतर माशांपेक्षा हत्तीच्या जवळचा आहे. वायव्य अटलांटिकमधली ग्रेट व्हाइटची मादी वयात यायला सुमारे 33 वर्षं लागतात, असं अभ्यासात आढळलंय. काटेरी डॉगफिश हा लहानसा शार्क, पण त्याची मादी जवळपास दोन वर्षं पोटुशी असते. सँड टायगर शार्कच्या मादीला दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकात आधी वाढलेलं पिल्लू बाकीच्या भावंडांना आतच खाऊन टाकतं आणि शेवटी जन्माला येतात दोनच. ग्रीनलंड शार्कची मादी तर दीडशेच्या घरात पोचल्यावर वयात येते, असा अंदाज आहे.

अंडी घालणारे शार्कही आहेत, पण तीही मोजकीच. बांबू शार्कचं अंडं म्हणजे तपकिरी, चामड्यासारखी चपटी पिशवी. पिल्लू तीत महिनोन् महिने वाढतं, शेपटी हलवून पाणी खेळतं ठेवतं. पण या हालचालीमुळेच शिकाऱ्याला त्याचा माग लागू शकतो. संशोधकांनी शिकारी जवळ आल्यासारखं विद्युतक्षेत्र पाण्यात निर्माण केलं, तेव्हा त्या पिल्लाने कल्ल्यांची हालचाल थांबवली, शेपटी अंगाभोवती गुंडाळली आणि ते निश्चल पडून राहिलं. अजून जन्मलेलंही नाही, आणि श्वास रोखून धरतंय. मेसेजमधल्या जबड्याच्या फोटोइतकाच हाही शार्कच आहे.

इतक्या सावकाश वाढणारे हे प्राणी आपण किती मारतोय? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार वर्षाला सुमारे 10 कोटी. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 1970 पासून 71 टक्क्यांनी घटली आहे. ओशनिक व्हाइटटिप हा एके काळी खुल्या समुद्रात जागोजागी दिसणारा शार्क आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. ‘संपत नाही’ म्हणतात तो हाच.

आणि सगळा दोष सूपसाठी पर कापणाऱ्यांवर टाकून मोकळं होता येत नाही. जिवंत शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकणं क्रूर आहे, त्यावर अनेक देशांनी बंदी घातली हे चांगलंच झालं. पण 2024 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की या कायद्यांनंतरही शार्कचे एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढलेच. धड किनाऱ्यावर आणणं भाग पडल्यावर मांसालाही बाजार मिळाला. कित्येक ठिकाणी ते दुसऱ्याच नावाने विकलं जातं आणि खाणाऱ्याला पत्ताही नसतो.

‘मच्छीमारांच्या पोटावर पाय देतो’

शार्क मासे खातो, हे खरंच. पण माणूस एवढ्या मोठ्या प्रमाणावर मासेमारी करू लागण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून शार्क मासे खात होता, आणि समुद्र माशांनी भरलेलाच होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये टायगर शार्कचा वावर असला की ड्यूगाँग (समुद्री गवत खाणारा सस्तन प्राणी) आणि कासवं चरायच्या जागा बदलतात, त्यामुळे समुद्री गवत एकाच जागी ओरबाडलं जात नाही. मासे कमी का झाले, याचं उत्तर शोधायचं तर आधी आपल्या बोटींची संख्या पाहावी.

‘समुद्रात उतरायची सोय राहणार नाही’

यात थोडं तथ्य आहे, ते लपवणार नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या केप कॉड किनाऱ्यावर ग्रेट व्हाइट आणि त्याचं खाद्य असलेले सील या दोघांनाही संरक्षण मिळाल्यावर शार्क परतले, आणि 2018 साली तिथे शार्कहल्ल्यात एका माणसाचा बळी गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये शार्कहल्ल्यातला 1936 नंतरचा तो पहिला मृत्यू.

मग मारून टाकावेत का? हवाईने ते करून पाहिलंय. 1959 ते 1976 या काळात तिथे 4,668 शार्क मारले. हल्ल्यांमध्ये म्हणावी अशी घट झाली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 2014 साली मुख्यतः ग्रेट व्हाइटच्या धास्तीने गळ टाकले. 172 शार्क अडकले, त्यांत ग्रेट व्हाइट एकही नव्हता.

केप कॉडच्या लोकांनी वेगळी वाट धरली. शार्कना खुणेची यंत्रं लावली, ते जवळ आले की पोहणाऱ्यांना सूचना मिळते. रक्तस्राव थांबवायच्या पेट्या किनाऱ्यावर ठेवल्या. सील जमतात तिथे उतरू नका, अशा पाट्या लावल्या.

बोटींवर करण्यासारखंही बरंच आहे. ट्यूनासाठी टाकलेल्या कित्येक किलोमीटर लांब दोरीला हजारो गळ असतात आणि शार्क त्यात आयताच अडकतो. गळाला तारेची दोरी असेल तर त्याची सुटका नाही. तारेऐवजी नायलॉनचा तंगूस लावला, तर ट्यूना गळाला राहतो आणि बरेचसे शार्क तो दातांनी तोडून निघून जातात.