‘इंदूरमध्ये कोण उपाशी झोपतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की सगळ्यात आधी आईच्या ताटातलं कमी होतं. ते तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं असं: इंदूरमध्ये कोणी उपाशी झोपत नाही, रेशन मोफत आहे, मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे बायकांच्या खात्यात येतात, या बायका दिसायलाही चांगल्या धडधाकट असतात. आणि मुलांना आधी वाढणं हा आपला संस्कार. त्याला परदेशी चष्म्यातून ‘अन्न असुरक्षितता’ म्हणणं हा आईचा अपमान. शेवटी विचारलंत, मग उपाय काय? हेच मुद्दे मी घराघरांत ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

संस्काराचं आधी. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या, तुटपुंज्या कमाईच्या १४१ आयांचा अभ्यास झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. महिनाभर दर आठवड्याला त्यांना विचारलं गेलं, काल तुम्ही काय खाल्लंत आणि मुलांनी काय खाल्लं? आयांचं खाणं मुलांपेक्षा सतत निकृष्ट निघालं, आणि हातातले पैसे संपत आले तसा हा फरक वाढत गेला. त्या घरांत नवरा नव्हता, पुरुषांना आधी वाढायची रीत नव्हती. तरीही आईनंच स्वतःचं कमी केलं. तेव्हा हे फक्त आपल्या संस्कारानं घडतं असं म्हणता येत नाही, आणि सगळं खापर सासरवर फोडणाऱ्या माझ्या काही वाचकांचंही पूर्ण बरोबर नाही. आपल्याकडे मात्र टंचाई आणि शेवटी जेवायची रीत या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येतात.

आता ‘उपाशी’चं. अन्न असुरक्षितता मोजायला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिची सुरुवात ‘पैशांअभावी खायला पुरेल की नाही अशी काळजी वाटली का’ इथून होते. पुढे एकाच प्रकारचं खावं लागलं का, एखादं जेवण टाळलं का, असं करत अख्खा दिवस उपाशी काढला का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तुम्ही फक्त त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं दिलंत. माझा लेख त्याच्या आधीच्या प्रश्नांबद्दल होता.

इथल्याच परदेशीपुरा वस्तीतल्या एका घरचं सांगते. काल काय जेवलात, असं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, ‘सगळ्यांनी वरण-पोळी, भाजी.’ मग मी एकेक वाटी विचारत गेले. डाळ कुणाला आधी वाढली? मुलांना, मग त्यांच्या बाबांना. तळाशी उरलेल्या वरणात गरम पाणी घालून तिखट-मीठ टाकलं, ते वहिनींनी घेतलं. भाजी संपली होती, म्हणून पोळीबरोबर मूठभर शेव. दूध? चहात पडलं तेवढंच. पोळ्या मात्र चार खाल्ल्या, पोट भरलं. आणि लगेच परत चहा, जो जेवणाला लागून घेतला की पोळीतलं लोह अंगी लागणं आणखी कमी होतं. कुणी बाहेरून पाहिलं तर हे घर जेवलेलंच आहे!

धडधाकट दिसण्याचं उत्तर यातच आहे. पोळी, भात, तेल, साखर यांनी पोट भरतं, वजनही वाढतं. डाळ, दूध, भाजी, फळ यांतून जे मिळायला हवं ते मिळत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये २५ टक्के. यात पाळी आणि बाळंतपणांचाही वाटा आहे, सगळं ताटावर ढकलता येणार नाही. पण म्हणूनच तर बाईची गरज जास्त: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तिला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. जिला जास्त हवं, तिच्याच वाटीत पाणी.

मोफत रेशन मोठा आधार आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण माणशी महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम, जेमतेम पावणेसहाशे कॅलरी. मध्यम कष्टाच्या बाईला २१३० लागतात आणि अंगावर पाजत असेल तर आणखी सहाशेच्या आसपास. शिवाय हे सगळं धान्य. डाळ बाजारातूनच आणायची. लाडली बहनाचे पैसे येतात, ते मी पाहिलेल्या बहुतेक घरांत वह्या-पुस्तकं नाहीतर गॅस यांत जातात. यात बाईचा काही दोष नाही.

तुम्ही लिहिलंत की १९९१ साली इंदूरची हुकुमचंद कापड मिल बंद पडली, वडिलांची नोकरी गेली, तरी घरात एक दिवस कुणी उपाशी राहिलं नाही. कामगारांची थकबाकी निघायला २०२३ उजाडलं. मधली ती सारी वर्षं हजारो स्वयंपाकघरांनी निभावून नेली. काका, तुमच्या आई असतील तर त्यांना विचारा, नसतील तर मोठ्या बहिणीला विचारा: तुम्ही सगळे जेवून उठलात की पातेल्यात काय उरायचं? माझ्यासाठी नको, तुमच्या स्वतःसाठी विचारा. त्या माउलीचा मान मी कमी करत नाही. तिनं काय सोडलं ते कुणी विचारलंच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

उपायाचं. अन्न सुरक्षा कायद्यानं २०१३ पासून गरोदर आणि बाळंतिणीला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे, ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा. घरी नेलेलं पाकीट सगळ्यांत वाटलं जातं, म्हणून तिला तिथेच बसवून गरम जेवण वाढणं मला जास्त बरं वाटतं. रेशनमध्ये डाळ हवी. आपला माळवा सोयाबीनचा. त्याचं तेल निघतं, काही पेंड परदेशी जाते, आणि सोयावडी मात्र रेशनच्या दुकानात नाही, हे मला फार खटकतं.

आणि तुमचं मंडळ दर दिवाळीला गहू-तांदळाची पाकिटं वाटतं असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल एक विनंती. धान्य बहुतेकांना रेशनवर मिळतंच. त्या पैशांत तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे आणि सोयावडी द्या. आणि दिवाळीपुरतं न ठेवता, थोडं थोडं का होईना, दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात द्या. भरायला आणि वाटायला मी येईन.