शॅम्पूचा तो फॉरवर्ड परत आलाय

फॅमिली ग्रुपवर काकांनी काल परत टाकला. शॅम्पू हा शब्द संस्कृत चंपक म्हणजे चाफ्यावरून आला, आणि पाटण्याच्या शेख दीन महंमदने इंग्लंडच्या राजाचे केस धुऊन गोऱ्यांना शॅम्पू शिकवला, असं त्यात आहे. काका, माणूस खरा आहे हो, पण बाकीचं बरंच गंडलंय.

आधी चाफा सोडा. इंग्रजांनी उचलला तो हिंदीतला चांपना, म्हणजे दाबणं, आणि त्याचं हुकमाचं रूप चांपो, तेच जसंच्या तसं इंग्रजीत जाऊन बसलं. आपली आजी नाही का म्हणायची, जरा पाय चेप रे, तसलाच प्रकार. 1762 पासून हा शब्द इंग्रजीत सापडतो आणि अर्थ अंग रगडून देणं, केसांचा काही संबंधच नाही. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन ह्या, इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या कोशातसुद्धा थकवा घालवायला स्नायू दाबणं असाच अर्थ दिलाय.

आता राजाचे केस. दीन महंमद जन्मला 1759 मध्ये, कंपनीच्या फौजेत होता, मग आयर्लंडला गेला, 1810 ला लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं, ते बुडालं (हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं), आणि मग ब्रायटनला समुद्राकाठी बाष्पस्नानगृह टाकलं. तिथे पेशंटला औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवायचे, भोवती फ्लॅनेलचा तंबू आणि त्या तंबूला बाह्या शिवलेल्या, मालिशवाला बाहेरून त्यात हात घालून आतल्या माणसाला रगडणार! यायचे कोण तर संधिवातवाले, आखडलेल्या सांध्यांचे, लचक भरलेले. चौथ्या जॉर्जने आणि नंतर चौथ्या विल्यमने त्याला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं ते ह्या मालिशसाठी, डोकं धुवायला नाही.

केस धुण्याचा अर्थ आला 1860 च्या आसपास, आणि दीन महंमद तर 1851 लाच वारला. म्हणजे आज आपण ज्याला शॅम्पू म्हणतो त्या अर्थाने हा शब्द त्याने ऐकलासुद्धा नसणार.

आणि बाटलीतला शॅम्पू 'भारतीय शोध' वगैरे पण नको, बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफने 1903 मध्ये पावडरचा शॅम्पू विकायला काढला, त्याचा पातळ शॅम्पू त्यानंतर आला. आपल्याकडे शिकेकाई-रिठा होतं, ते आहेच, त्याला शॅम्पू कोणी म्हणत नव्हतं एवढंच.

फॉरवर्ड करायचाच असेल तर तो बाह्यावाला तंबू करा काका, तो जास्त भारी आहे.